यूजनेटची वहिवाट

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ सालच्या उत्तरार्धात एक योजना आखली, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती ती अगदी व्यवहारातली. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे आर्पानेट हे त्या काळचे श्रीमंत जाळे होते; त्या खात्याशी करार असलेल्या संस्थांनाच तेथे प्रवेश मिळे, आणि ज्यांच्यापाशी असा करार नव्हता अशा विद्यापीठांतले युनिक्स वापरणारे तंत्रज्ञ, एकमेकांस काही विचारावयाचे झाल्यास, पुढच्या परिषदेची नाही तर वार्तापत्राच्या पुढच्या अंकाची वाट पाहात बसत. बेल प्रयोगशाळेतून येणाऱ्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर मात्र यूयूसीपी नावाची एक सोय मिळत असे, जिच्यायोगे एका यंत्राने साध्या दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या यंत्रास फोन लावावा आणि आपल्याकडच्या फायली त्याच्या हवाली कराव्यात, एवढे साधत होते. या तुटपुंज्या सोयीवर सार्वजनिक चर्चा उभी करता येईल असे या दोघांस वाटले. शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह बेलोव्हिन यांनी त्यासाठी पहिली कामचलाऊ आज्ञावली लिहिली, स्टीफन डॅनियल यांनी ती सी भाषेत नव्याने रचली, आणि जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या युनिक्स वापरणाऱ्यांच्या परिषदेत इतर संस्थांस सामील होण्याचे आमंत्रण देण्यात आले. दिवसाकाठी फार तर एक-दोन लेख येतील, असा योजकांचा अंदाज होता.

या जाळ्यास यूजनेट हे नाव मिळाले. त्याची घडण समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. यूजनेटला मध्यवर्ती कचेरी नव्हती, मालक नव्हता, सभासदांची नोंदवही नव्हती. कोणी आपल्या विद्यापीठाच्या यंत्रावर लेख लिहिला की तो प्रथम त्या यंत्रावरच राही. रात्री, परगावच्या फोनचे दर उतरल्यावर, शेजारचे यंत्र फोन लावी, नवे लेख आपल्याकडे घेई आणि मग आपल्या पुढच्या शेजाऱ्याकडे ते पोचते करी. पूर्वी डाकेचे हरकारे एका टप्प्यावरून थैली उचलून पुढच्या टप्प्यावरच्या हरकाऱ्याच्या खांद्यावर देत, त्याच जातीचा हा व्यवहार होता. मात्र येथे प्रत्येक टप्प्यावर थैलीतल्या मजकुराची एक नक्कल मागे राही आणि त्या गावचे लोक ती वाचीत. लेख कोणकोणत्या यंत्रांवरून आला, त्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून लेखाच्या माथ्यावर लिहिलेली असत, ती अशासाठी की एकदा येऊन गेलेला लेख फिरून त्याच यंत्राकडे धाडला जाऊ नये. त्या ओळीत डेकव्हॅक्स, आयएचएनपी४, सीस्मो, ॲमस्टरडॅमचे एमसीव्हॅक्स ही नावे इतक्या वेळा भेटत की त्यांची जणू ओळखच होऊन जाई. डेकव्हॅक्स हे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे यंत्र, आयएचएनपी४ हे बेल प्रयोगशाळेचे इलिनॉयमधले, आणि सीस्मो हे व्हर्जिनियातील एका भूकंप-अभ्यास केंद्राचे. खंडभर पसरलेल्या या चर्चेचे फोनचे बिल अशा मोजक्या संस्था सोसत होत्या, आणि ते त्यांनी सोसावे म्हणून तिथला एखादा यंत्रव्यवस्थापक आपल्या वरिष्ठांपाशी शब्द खर्ची घालीत होता.

म्हणजे लिहिणारा काही देत नव्हता, वाचणारा काही देत नव्हता; देत होता तो मधला वाहक. आपला मजकूर कोणी परका मनुष्य आपल्या खर्चाने वाहून नेत आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याच्या मनात सदैव जागी असे, आणि त्या काळच्या चर्चेत जो संयम, जी जबाबदारी आढळे तिचे मूळ माझ्या मते या एका जाणिवेत होते. त्या लोकांच्या अंगी काही विशेष सद्गुण होते असे मानण्याचे कारण नाही.

मी या व्यवहारात शिरलो तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठात गेल्यावर. १९८६ साली आलेल्या एनएनटीपी या नव्या संकेतामुळे मोठ्या विद्यापीठांतून लेख आता रात्रीच्या फोनची वाट न पाहता वेगाने फिरू लागले होते. तरी जुना शिरस्ता टिकून होता. संगणक-विभागाच्या तळघरात हिरव्या अक्षरांची टर्मिनले ओळीने मांडलेली असत. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये लिहिलेली आरएन ही वाचनाची आज्ञावली सुरू केली की गटाचे नाव, त्यात न वाचलेले लेख किती याचा आकडा, आणि आता वाचावयाचे काय, असा प्रश्न पडद्यावर उमटे. स्पेसची कळ दाबीत जावे आणि लेख पाहात जावे. एखादा विषय नकोसा झाला तर एक अक्षर दाबून त्या विषयाचे सगळे लेख बाजूस सारावेत. एखादा मनुष्यच नकोसा झाला तर त्याचे नाव किल फाइलमध्ये घालून त्याच्या लिखाणाशी कायमचा संबंध तोडावा. गोंगाट करणाऱ्यास हाकलून लावण्याची सत्ता कोणापाशी नव्हती. त्याचे न ऐकण्याचे स्वातंत्र्य मात्र प्रत्येकापाशी होते, आणि ते पुष्कळ अंशी पुरत असे.

लेख लिहून झाला आणि तो पाठवावयाची आज्ञा दिली म्हणजे यंत्र एकदम पाठवीत नसे. आधी ते बजावी की हा मजकूर सुसंस्कृत जगातल्या हजारो यंत्रांवर जाणार आहे, तो सर्वत्र पोचविण्यास शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च येणार आहे, तेव्हा आपण काय करीत आहोत हे आपणांस नीट ठाऊक आहे ना. याचे उत्तर हो म्हणून दिल्याखेरीज लेख पुढे जात नसे. महिन्याच्या विद्यावेतनात खोलीचे भाडे आणि शिधा भागवून घरी काही पाठविता येते काय याची विवंचना करणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या प्रश्नाचा परिणाम होत असे. मी लिहिलेला मजकूर पुष्कळदा त्या टप्प्यावरून परत घेऊन आटोपशीर केला आहे, आणि माझ्या बरोबरीचे अनेकजण तसेच करीत.

या एका सूचनेभोवती अलिखित आणि लिखित नियमांचे एक दप्तरच तयार झाले होते. उत्तर देताना मूळ लेखातला आवश्यक तेवढाच भाग कोनचिन्ह लावून उतरावा, सबंध लेख पुन्हा छापू नये. सहीच्या ओळी चारांहून अधिक नसाव्यात. जे एका व्यक्तीस सांगावयाचे ते मेलने सांगावे, चव्हाट्यावर नको. नव्याने येणाऱ्याने काही आठवडे नुसते वाचावे, आणि वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे संकलन पाहिल्यावाचून प्रश्न विचारू नये. ही संकलने म्हणजे त्या काळाची खरी वाङ्मयीन निर्मिती होय. कोणी एकजण, मोबदल्याची यत्किंचित अपेक्षा न ठेवता, दर महिन्यास ती दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करी, कारण जुने लेख टिकत नसत. डिस्कवरची जागा महाग होती; प्रत्येक यंत्र आपल्या ऐपतीप्रमाणे एक-दोन आठवड्यांची मुदत ठरवी, आणि मुदत भरली की लेख पुसून टाकी. आपण बोललो ते पंधरवड्याने नाहीसे होणार, अशी लिहिणाऱ्याची समजूत असे. तिच्यामुळे मने मोकळी राहिली, मत बदलणे सोपे झाले.

खर्चाचा प्रश्न सर्वांत प्रखरपणे उभा राहिला तो युरोपमुळे. अटलांटिकपलीकडे प्रत्येक लेख नेण्याचे पैसे तिकडच्या संस्था भरीत होत्या, आणि धर्म, राजकारण व निव्वळ शिवीगाळ यांसाठी ते भरण्याची त्यांची तयारी नव्हती. १९८६-८७ मध्ये सर्व गटांची नावे बदलून त्यांची कॉम्प, मिस्क, न्यूज, रेक, साय, सॉक आणि टॉक अशा सात वर्गांत विभागणी झाली, ती बव्हंशी यासाठी की ज्या वाहकास वादविवादाचा भार नको असेल त्याला तो वर्गच्या वर्ग नाकारता यावा. मोठ्या यंत्रांच्या व्यवस्थापकांनी हा निर्णय घेतला म्हणून पुष्कळ ओरड झाली, आणि तिचेच एक फळ म्हणून १९८७ मध्ये ब्रायन रीड, जॉन गिलमोर व गॉर्डन मॉफेट यांनी कोणाच्याही परवानगीवाचून गट काढता येईल असा ऑल्ट हा आठवा वर्ग सुरू केला. या सगळ्या उलथापालथीत नेट.एनलँग.इंडिया या नावाने चाललेला भारतीयांचा गट सॉक.कल्चर.इंडियन झाला.

हा गट फार गजबजलेला होता. भारतात राहणाऱ्यांस आज कल्पना येणार नाही, पण त्या वेळी अमेरिकेतल्या लहान गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मायदेशाची बातमी म्हणजे स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळी, ग्रंथालयात कित्येक दिवसांनी येणारी भारतीय नियतकालिके, आणि मिनिटास खिशाला जाणवेल एवढा दर असलेला फोन, यांपलीकडे काही नव्हती. गटावर विमानाच्या स्वस्त तिकिटांची चौकशी होई, व्हिसाच्या फॉर्मांची चर्चा होई, क्रिकेटचे धावफलक कोणी रेडिओवर ऐकून उतरवून देई, आणि त्यांच्याच शेजारी अर्थनीतीवर, काश्मीरवर, संस्कृतच्या प्राचीनतेवर दीर्घ वाद चाललेले असत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत किल्लारीचे नाव आले, मृतांच्या संख्येचे अंदाज आले. परंतु ज्याचे आजोळ उमरगा तालुक्यात आहे त्याला किल्लारी हे नाव पुरत नाही. गटावर पहिली विचारणा अशाच एका मुलाची होती. त्यानंतर मुंबईस, सोलापुरास, पुण्यास ज्यांचे फोन लागले त्यांनी ऐकलेली गावांची नावे एकेक करून लिहिण्यास आरंभ केला: सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव, मंगरूळ, होळी. कोणी ग्रंथालयातून नकाशा काढून या गावांची एकमेकांपासूनची अंतरे मांडली. कोणी मदत कोठे पाठवावी ते पत्ते उतरविले. आणि एका ज्येष्ठ सभासदाने आरंभीच असा आग्रह धरला की प्रत्येकाने आपली खबर प्रत्यक्ष नातेवाइकाकडून आली, की ऐकीव आहे, की वृत्तपत्रातली आहे, हे पहिल्या ओळीत नमूद करावे. तो आग्रह जवळजवळ सर्वांनी पाळला. सुमारे दहा हजार माणसे ज्या आपत्तीत दगावली तिच्याविषयी एकही अफवा त्या यादीत शिरू नये म्हणून माणसे कशी जपत होती, हे मी पडद्यावर पाहिले आहे, आणि वाहकाच्या भिडेने अंगवळणी पडलेला संयम, खर्चाचा धाक पुष्कळसा ओसरल्यावरही, कसा उपयोगी पडतो याचा याहून चांगला दाखला मजपाशी नाही.

तथापि या गटावर कोण होते आणि कोण नव्हते, हे सांगितल्यावाचून हे चित्र प्रामाणिक होणार नाही. तेथे प्रामुख्याने विज्ञान व अभियांत्रिकीचे पदव्युत्तर विद्यार्थी होते. बहुतांशी पुरुष, शहरांतले, इंग्रजीत शिकलेले, आणि बहुधा वरच्या जातींतले. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली तेव्हा गटावर महिनोन्‌महिने जो वाद पेटला त्यात, ज्यांच्या हक्कांची चर्चा चालली होती त्यांचा स्वतःचा आवाज अभावानेच ऐकू आला. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर तर पाकिस्तानी गटाशी जोडून चाललेल्या वादांत सारी वहिवाट वाहून गेली. किल फाइली लांबत गेल्या आणि शहाणी माणसे हळूहळू बाजूस झाली. मुंबईतील दंगलींच्या त्या आठवड्यांत लिहिला गेलेला काही मजकूर आज वाचवत नाही. वाहकाविषयीची भीड माणसाच्या शब्दसंख्येस आवर घालू शकते, द्वेषास घालू शकत नाही, एवढे मला तेव्हा कळले.

भाषावार गट निघू लागण्यास ही भांडणेही काही अंशी कारण झाली असावीत. सॉक वर्गात नवा गट काढावयाचा तर त्याची रीत ठरलेली होती: प्रथम प्रस्ताव मांडून हरकती मागवावयाच्या, त्यांची दखल घेऊन मसुदा दुरुस्त करावयाचा, मग ठराविक मुदतीत मेलने मतदान, अनुकूल मते प्रतिकूल मतांहून निदान शंभरांनी अधिक हवीत आणि एकूण मतांच्या दोन-तृतीयांश हवीत. निकालात प्रत्येक मतदाराचे नाव आणि त्याचे मत जाहीर छापले जाई. या साऱ्याला कायद्याचा आधार शून्य होता, तरीही दूरदूरच्या यंत्रांचे व्यवस्थापक तो निकाल मानून आपल्याकडे गट उघडीत. पुढे सॉक.कल्चर.इंडियन.मराठी निघाला.

तेथे मराठी लिहावयाची कशी, हा पेच होता. सात बिटांच्या संकेतात रोमन अक्षरांपलीकडे काही मावत नव्हते. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही आज्ञावली १९९१ पासून उपलब्ध होती, आणि तिच्या पद्धतीत लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद करून त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ वेगवेगळे दाखविता येत. असा मजकूर मग त्या आज्ञावलीतून काढून देवनागरीत छापता येई. रेक.म्यूझिक.इंडियन या संगीतविषयक गटांवरच्या रसिकांनी याच पद्धतीने हिंदी चित्रपटगीतांचा प्रचंड संग्रह एकेक गीत ऐकून, लिहून, एकमेकांकडून तपासून घेऊन सिद्ध केला. इतक्या काटेकोर सामुदायिक संपादनाचे उदाहरण त्या काळच्या छापील जगातही सहसा आढळत नाही. मराठी गटावर मात्र पुष्कळांना हा नियम जाचक वाटे, आणि ज्याने त्याने मनास येईल तशी रोमन मराठी लिहिली. डोळ्यांस ती प्रथम फार खुपे; पण आठवड्याभरात वाचणारा शब्द न पाहता आवाज ऐकू लागे, आणि मग नागपूरचा कोण, कोल्हापूरचा कोण, हे सही पाहण्याआधीच कळत असे. पुण्यात बसून छापील मराठी वाचताना बोलींची अशी शेजारशेजारची सरमिसळ मी कधी पाहिली नव्हती.

भारतीय गटांबाहेर, याच सुमारास, ऑगस्ट १९९१ मध्ये, ६ तारखेस टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वर्ल्ड वाइड वेबची माहिती ऑल्ट.हायपरटेक्स्ट या गटावर दिली, आणि २५ तारखेस लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कॉम्प.ओएस.मिनिक्सवर कळविले.

भारतात या जाळ्याची वाट होती ती मुंबईतून. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ऐंशीच्या दशकाच्या मध्यास एर्नेट हे संशोधनसंस्थांचे जाळे हाती घेतले. त्यात जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि खुद्द विभाग, अशा आठ संस्था होत्या. १९८९ मध्ये जुहूहून व्हर्जिनियातील यूयूनेटपर्यंत सेकंदास ९,६०० बिट एवढ्या वेगाची भाड्याची तार मिळाली, आणि देशातल्या संशोधकांचा परदेशाशी होणारा मेलव्यवहार त्या एका तारेवर आला. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळण्यास विदेश संचार निगमाची सेवा सुरू होईपर्यंत, म्हणजे १५ ऑगस्ट १९९५ पर्यंत, थांबावे लागले. तोवर यूजनेटचा उत्तम काळ सरला होता.

तो सरला कसा, यात गूढ काही नाही. दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नवे विद्यार्थी येत, काही आठवडे घोळ घालीत, आणि जुन्यांकडून रीत शिकून स्थिरावत. मार्च १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने आपल्या लक्षावधी ग्राहकांस यूजनेटचे दार उघडून दिले, आणि शिकविणाऱ्यांच्या मानाने शिकणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की आदल्या वर्षीचा सप्टेंबर पुढे संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांवर टाकली, तीही एकच लेख सर्व गटांत दिसावा अशी सोय असताना प्रत्येक गटात वेगळा लेख म्हणून, त्यामुळे प्रत्येक यंत्रास ती हजारो वेळा साठवावी लागली. त्या दांपत्याचे वर्तन मला आजही अक्षम्य वाटते. परंतु वाहकाचा खर्च डोळ्यांआड झाला तेव्हाच ते शक्य झाले, हेही तितकेच खरे. नव्या ग्राहकाने आपल्या कंपनीस महिन्याचे पैसे दिलेले होते, आणि आपण कोणाचे काही देणे लागतो असे त्याला वाटण्याचे कारण उरले नव्हते.

पंधरवड्याची मुदतही गेली. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातले लेख चुंबकीय फितींवर जपून ठेवले होते. तशा १४१ फितींतून वीस लाखांहून अधिक लेख परत मिळाले, आणि ते काम संयमी स्वयंसेवकांनी केले. त्यापूर्वीच, १९९५ मध्ये, डेजा न्यूज या कंपनीने चालू लेखांचा कायमचा संग्रह सुरू केला होता, तो २००१ मध्ये गूगलने घेतला आणि स्पेन्सर यांचा ठेवाही त्यात घातला. ज्यास आपले लिखाण राहू नये असे वाटे त्याने लेखाच्या माथ्यावर तशी एक नकाराची ओळ घालावी, अशी सोय मागाहून झाली. पण ज्यांनी ती सोय होण्यापूर्वी, पंधरवड्याच्या भरवशावर लिहिले, त्यांना कोणी विचारले नाही. ड्यूक विद्यापीठाने आपले यूजनेटचे यंत्र मे २०१० मध्ये बंद केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनेही नवे लेख घेणे थांबविले, जुना संग्रह तेवढा वाचण्यासाठी ठेवला. लहान स्वयंसेवी यंत्रांवर यूजनेट अजून चालू आहे.

त्या संग्रहातली रोमन मराठी आज शोधून सापडत नाही. आयट्रान्सच्या नियमाने लिहिलेला भाग यंत्र देवनागरीत आणू शकेल. मनास येईल तसा लिहिलेला भाग, जेथे एकाच रोमन रूपाने काल, काळ आणि कळ या तिन्हींचे काम केले आहे, तो संदर्भ जाणणाऱ्या माणसानेच वाचावा लागेल. परदेशी मराठी माणसांच्या त्या पिढीचे रोजचे बोलणे इतक्या विस्ताराने अन्यत्र कोठे नोंदलेले नाही, म्हणून एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने हे काम रीतसर अंगावर घ्यावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे. ते करताना मूळ लेखकांची संमती प्रथम मागावी. त्यांतले बहुतेकजण आज साठीच्या आसपास असून हयात आहेत, आणि लेखांखाली त्यांनी आपली खरी नावे लिहिलेली आहेत.